शेवटची सोळा पानं

रत्नागिरी,
१४ मे १९८९

प्रिय राही,

तुझं आंतरदेशीय शुक्रवारी आलं. एरवी तुझ्या तीन ओळी असतात, या खेपेला सहा दिसल्या म्हणून मी पदराला हात पुसत आधी खूशच झाले. मग वाचलं. वॉर्डातलं रक्तदाब मोजायचं यंत्र फुटलं, तू पाळीवर आलीस तेव्हाच पारा फरशीवर सांडलेला होता, पण नाव तुझं लागलं. शनिवारी, वीस तारखेला, मेट्रनबाईंसमोर चौकशी आहे आणि ‘मी काही बोलणार नाही’. त्याखाली शेवटची ओळ, आंबे पाठवू नको, वाटेत नासतात. अगं, नर्सिंगची दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली आहे, यादीतून नाव काढून टाकतील, आणि तू मला आंब्यांचं लिहितेस. बाबांना मी फक्त आंब्यांचंच सांगितलं. बोटीवरची नोकरी सुटल्यापासून ते लहानसहान गोष्टींनी घाबरतात.

दोन दिवसांत तीन कागद फाडले. आज रविवार, शिबिराला सुट्टी, म्हणून पुन्हा बसले आहे. आपल्या वाचन-शिबिराचं यंदा अकरावं वर्ष. बेचाळीस मुलं आहेत. वाचनालयाच्या पडवीत मावत नाहीत, म्हणून निम्मी अंगणात फणसाखाली. पहिला आठवडा समुद्राचा झाला. मांडवीच्या धक्क्यावर नेऊन पायऱ्यांवर बसवून वाचायला लावलं, तर पोरांनी अर्धी पुस्तकं खारट करून आणली. काशी नावाची एक चुणचुणीत पोर खेकडा पिशवीत घेऊन आली होती आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवत होती. दुसरा आठवडा झाडांचा, तो काल संपला. ज्याने ज्या झाडाचं वाचलं त्याने त्याच झाडाखाली बसून सांगायचं. फणसाखालच्यांचं लक्ष पुस्तकापेक्षा वरच जास्त. उद्यापासून घरांचा आठवडा आणि शेवटी प्रवासाचा, क्रम तुझ्या वेळचाच ठेवला आहे. आपला शिपाई भिकाजी अजून तोच, पन्हं अजून तोच करतो आणि साखर अजून कमीच घालतो. मला मात्र मधल्या वर्षांत एक खूळ जडलं आहे. पुस्तक मुलाच्या हातात देण्याआधी मी ते मागून उघडते आणि शेवटची पानं जागेवर आहेत ना ते पाहते. भिकाजी नुसता बघतो.

तू शिबिरात होतीस ते दुसरं वर्ष, सन ऐंशी. दहा वर्षांची होतीस. तिथे मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम मीच केला होता. बाईंची पोर म्हणून पुढे पुढे करते असं कुणी म्हणायला नको, याची मला मोठी काळजी. त्यामुळे तुला मागे बसवायची, प्रश्न शेवटी विचारायची, पन्हंसुद्धा शेवटी. तू कुरकुरली नाहीस. सकाळी आपल्या अंगणाच्या बेड्यातून, फाटकातून बाहेर पडलो की आपणहून माझा हात सोडायचीस आणि दोन पावलं मागून चालायचीस. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. आता आठवलं की स्वतःची चीड येते.

प्रवासाच्या आठवड्यात तुझ्या वाट्याला ते पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. म्हातारी तुळसा हरवलेल्या भावाला शोधायला गलबतातून निघते आणि बंदराबंदरात चौकशी करत जाते, ती गोष्ट. मी ती लहानपणी देवरूखला मामाकडे दुसऱ्या प्रतीत वाचलेली, मला तोंडपाठ होती. शेवटी भाऊ कोचीनला एका किराणा दुकानात सापडतो आणि दोघं घरी परत येतात. आपली प्रत त्याच महिन्यात बाइंडरकडून नवीन बांधून आलेली, वरून कशी कोरी करकरीत दिसत होती.

शेवटच्या शनिवारी पालक आले, पाहुणे म्हणून कुणी एक साहेब आले. बक्षीस उत्तम गोष्ट सांगणाऱ्याला होतं. तू उभी राहिलीस आणि किती सुरेख सांगितलीस, राही. शेवटी तू म्हणालीस, म्हातारी कोचीनला उतरली आणि तिने शोधणंच थांबवलं. ती धक्क्यावर एका कडेला फाटकी शिडं शिवायला बसली, कारण बोटीने कुणीही आला तरी तो धक्क्यावरूनच जाणार. भाऊ आला की नाही ते तू सांगितलंच नाहीस. मागच्या रांगेत बाया डोळे पुसत होत्या. मला मात्र एवढंच दिसलं की शेवट चुकला, माझ्या मुलीने पुस्तक अर्धवट वाचून चार लोकांत थाप मारली आणि आता बक्षीसही तिलाच मिळणार.

मी उठले. पुस्तक न वाचता गोष्ट रचणं ही लबाडी आहे, असं भर सभेत म्हणाले. आणखी म्हणाले की माझ्या मुलीने केली म्हणून तिला दुप्पट शिक्षा. तू एकच वाक्य बोललीस, “आई, पुस्तकात पुढे काही नव्हतं.” त्यावर मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. म्हणाले, इथे बाई म्हणायचं. मग तुझ्या वाचनवहीतला तो आठवडा तुझ्याच हाताने खोडायला लावला. तू पट्टी घेऊन सरळ रेघ मारलीस. ते पिवळं पुस्तक टेबलावर माझ्या हातापासून वीतभर होतं. मी ते उघडलं नाही. साहेबांनी मान डोलावली, टाळ्याही झाल्या, आणि बाई किती निःपक्षपाती म्हणून माझं नाव झालं.

पुढच्या वर्षी तू शिबिराला आली नाहीस. गोष्टीचं पुस्तक पुन्हा तुझ्या हातात दिसलं नाही, पण तू भांडलीही नाहीस, म्हणून मी समजले की पोर विसरली. शाळेत हजेरीपटावर शाई सांडल्याचा आळ तुझ्यावर आला, तू गप्प. गोदाआत्याची बांगडी हरवली तेव्हा तिने तुझ्याकडे पाहिलं, तेव्हाही गप्प. बांगडी दोन दिवसांनी तिच्याच गादीखाली निघाली. मी आळीभर सांगत फिरले, आमच्या राहीला उलट बोलणं म्हणून ठाऊक नाही. तू ती गोष्ट सांगितलीस तेव्हा बाबांना बोटीवर जाऊन अकरा महिने झाले होते, आणि तू रोज संध्याकाळी धक्क्यावर न्यायचा हट्ट करायचीस. तुझी ती म्हातारी धक्क्यावर का बसली, हे कळायला मला किती वर्षं लागली ते सांगायची लाज वाटते.

आता ज्याच्यापायी कागद फाडले ते लिहिते. फाडलेल्या तिन्ही कागदांवर मी लिहिलं होतं की परवा कपाट आवरताना ते पुस्तक हाती आलं आणि बाइंडरने शेवटची सोळा पानं बांधलीच नव्हती असं दिसलं. ते खोटं आहे. मला ते त्याच वर्षी जूनमध्ये कळलं. पुस्तकांत कडुनिंबाचा पाला घालताना भिकाजीने ते माझ्यापुढे उघडून धरलं आणि म्हणाला, “बाई, मागची पानाच नायत याला. पोरीचा खरा व्हता.” मी त्याला म्हणाले, आत ठेवून द्या आणि कुणाजवळ बोलू नका. घरी आले तेव्हा तू ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होतीस. तुझं खरं होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण आईने चूक कबूल केली तर धाक कसा राहणार, असं वाटून मी आत चहा टाकायला गेले. आज सांगू, उद्या सांगू करत नऊ वर्षं गेली. आणि आता तू खरं ठाऊक असून मेट्रनबाईंसमोर गप्प उभी राहणार आहेस. लोक याला तुझा समंजसपणा म्हणतात, मीही म्हणत आले, पण मला माहीत आहे, हे माझं शिकवणं आहे. मला क्षमा कर असं आज मागत नाही, ते तुझ्या सवडीने, आणि नाही केलीस तरी मला बोलायला तोंड नाही. शनिवारी मात्र बोल. आवाज कापला तरी बोल, रडू आलं तरी बोल, आणि त्यांनी मध्येच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सांग. एवढं करूनही नाव काढलंच, तर सरळ घरी ये, मी एक प्रश्न विचारणार नाही. पण तू दहा वर्षांची असताना खरं बोललीस आणि तुझ्या आईला ते ठाऊक होतं, हे तुझ्याजवळ असू दे.

तुझीच,
तुझं ऐकायला उशीर केलेली
आई