मागची खोली

२६ मार्च २०२०, गुरुवार

अख्ख्या देशाला घरी बसवलं! टीव्हीवर सकाळपासून एकच — अंतर ठेवा, शिवू नका, ताटवाटी वेगळी ठेवा, अंथरूण वेगळं घाला. मी मागच्या खोलीतून ऐकते आहे. पाळीचा तिसरा दिवस. म्हणजे देशाच्या एक दिवस आधीच मी बसले.

मला यात नवीन काही नाही. माझं ताट वेगळं, काठाला पोचा आलेलं, ओळखू यावं म्हणून. तांब्या वेगळा, सतरंजी वेगळी. पोळी वरून पडते, वरण वरून पडतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, महिन्याचे चार दिवस धरा — साडेसहाशेच्या वर जातात. लेक नयन पोटात होती तेव्हाचे तेवढे वजा. मोठमोठ्या डॉक्टरांनी आमच्या दारव्ह्याला येऊन माझ्याकडून शिकून जावं.

ही वही इथंच ट्रंकेखाली असते. एरवी पेन धरायला वेळ कोणाला आहे? खरं सांगायचं तर चार दिवस ओट्यापासून सुटका, दार लोटलेलं आणि मी एकटी. वाईटातलं तेवढं बरं.

२८ मार्च

डोक्यावरून न्हाले, बाहेर आले. सुखीबाईचं भांड्याला येणं बंद. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेले, तरी चार दिवस त्यांनीच रांधलं. चारही दिवस खिचडी. घरात दोन धडधाकट पुरुष आहेत — बाबा, म्हणजे सासरे, आणि नवरा. दोघांनीही खिचडीला नावं ठेवली.

२ एप्रिल, गुरुवार

शामभाऊजींचा व्हिडिओ कॉल. हे माझे धाकटे दीर, इंग्लंडात लेस्टर नावाच्या गावात असतात. त्यांच्याकडेही सगळं बंद. दिवसातून एकदाच फिरायला सोडतात म्हणे. दुकानाबाहेर सहा-सहा फुटांवर रांग, आणि आत गेलं तर पीठ नाही! दोन मुलं घरात, जाऊ अर्पिता लॅपटॉपवर, भाऊजी ओट्यावर. कणीक मळता मळता आम्हाला नियम सांगत होते. बाबा वहीत उतरवून घेत होते. तिकडचा नियम म्हटलं की आमच्या घरी तो आधीच धुतलेला असतो.

दर गुरुवारी तिकडचे लोक दारात उभं राहून नर्सबायांसाठी टाळ्या वाजवतात. भाऊजी म्हणाले, डोळ्यांत पाणी येतं.

फोन हातात आला तसा मी अर्पिताला हळूच विचारलं, तू चार दिवस काय करतेस? तिला आधी समजलंच नाही. मग इतकी हसली! म्हणाली, "वहिनी, इथं मागची खोलीच नाही."

आईंचं यावर म्हणणं असं की तिकडे थंडी फार, तिकडे चालते.

२२ एप्रिल

पुन्हा आत. आज अंगणात उडदाचे पापड. माझी सावली पडू नये म्हणून खिडकी अर्धी लोटलेली. आई आणि नयन लाटत होत्या आणि मी आतून सांगत होते — पीठ सैल आहे, अजून कुटा, तेल कमी लावा. माझा आवाज पापडांना चालतो. हात चालत नाही.

नयनला ऑगस्टमध्ये तेरावं लागेल, आणि आईंच्या हिशेबाने मुली तेराव्यातच बसायला लागतात. आज आईंनी फडताळातून एक ताट काढून तिच्यासमोर पुसलं. नवंकोरं, पण काठाला मुद्दाम एक पोचा मारून आणलेला. म्हणाल्या, "हे तुयं. लागन आता." नयनने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पापडाच्या पिठाबद्दल काहीतरी बोलले.

लाज वाटली. इथं लिहिते आहे, कारण इथं कोणी पाहत नाही. माझं मी सोसलं, पण नयनला या खोलीत जाऊ द्यायचं नाही. तेवढं एक करायचं. कसं, ते माहीत नाही.

२३ एप्रिल

गोपालशी बोलले, खिडकीतून. (वहीत नाव घेते. तोंडाने 'अहो'च.) म्हटलं, नयनचं काय? म्हणाला, आईशी बोल. म्हटलं, तुमची आई आहे. म्हणाला, म्हणूनच.

त्याचं कृषी केंद्र अत्यावश्यक सेवेत येतं. रोज चाळीस गिऱ्हाइकांना भेटून येतो, हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब चोळतो, की झाला शुद्ध. त्याच्यासाठी खोली नाही.

१४ मे, गुरुवार

काय दिवस आला! बाबा पास काढून नागपूरला मामेभावाच्या मातीला गेलते. आज परत आले, तर नगरपालिकेच्या माणसांनी डाव्या हातावर शिक्का मारला. चौदा दिवस घरात वेगळं राहायचं. कुठं राहायचं यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी एकदमच मागच्या खोलीकडे पाहिलं.

वही ट्रंकेखालून काढून कणकीच्या डब्यामागे आणली. सतरंजी आईंनी बदलली — 'ती' बाबांना चालणार नाही. गादी टाकली, पंखा लावला, रेडिओ दिला. मी चौदा वर्षं पंखा मागते आहे.

ताट मात्र कोणतं द्यायचं? घरातलं चांगलं ताट बाटेल. आईंनी विचार करकरून नयनसाठीचं पोचा मारलेलं काढलं.

१६ मे

दुसऱ्याच दिवशी बाबा कावले. पोळी वरून टाकली की दचकतात. "मी काय कुत्रा आहो काय?" असं आईंना म्हणाले. रिटायर्ड हेडमास्तर माणूस, सवय नाही. मी त्यांना खिडकीतून सांगितलं, ताट जरा तिरकं धरा, म्हणजे वरण उडत नाही. त्यांनी ऐकलं. उडालं नाही.

१७ मे

बाबांची तब्येत उत्तम. ताप नाही, खोकला नाही. तरी दिवसभर फोन — पुसदची आत्या, उमरखेडचे व्याही, सगळे विचारतात, करमते का, जेवले का. काय तो त्याग!

१९ मे, मंगळवार

आली. आणि खोली भरलेली!

आईंना सांगितलं. त्या पाटावर बसल्या. घरात वेगळं बसायची एकच जागा आणि उमेदवार दोन. एकाच्या हातावर सरकारचा शिक्का. मला बाहेर ठेवलं तर घरात विटाळ. आत ठेवलं तर एकाच खोलीत सासरा आणि सून! पुढच्या खोलीत बसवलं तर रस्त्यावरून दिसेल. बरं, बसवलं कुठंही, तर स्वयंपाक कोण करेल? सुखीबाई नाही, आईंना ओट्यापाशी उभं राहवत नाही.

शेवटी म्हणाल्या, देवघराकडे जाऊ नको, बाकी कर. सध्या सगळ्या जगाचंच वेगळं चालू आहे, देवाला समजते.

मी पहिल्याच दिवशी भाकरी थापल्या. बाबांनी एक जास्त मागून घेतली.

२० मे

काही झालं नाही. दूध नासलं नाही, तुळस वाळली नाही. मीच दर तासाला जाऊन पाहत होते — इतकं मुरलं आहे माझ्यात.

२४ मे, रविवार

आज सकाळी आई स्वतः न्हाणीत बसून चादर धूत होत्या. त्यांचे ते गुडघे! मी धावले, तर हात लावू दिला नाही. म्हणे, चहा सांडला. लॉकडाऊनमध्ये माणसं काय काय करायला लागली!

दुपारी कैऱ्या फोडल्या. लोणचं दरवर्षी मी कालवते, आई सांगतात. आज मला म्हणाल्या, तू राहू दे, यंदा नयन करेल. नयन खुशीत दिसली नाही, ओठ आवळून होती, पण कोपरापर्यंत हात मोहरीच्या डाळीत घालून कालवलं पोरीने. बरणीला दादऱ्याचं फडकंही तिनेच बांधलं. आई तिच्याजवळून हलल्या नाहीत.

मला जरा लागलं. मग वाटलं, बाकी आहेत ते दोन-तीन महिने शिवू दे पोरीला बरणी.

२८ मे

बाबा सुटले! नगरपालिकेचा माणूस येऊन विचारून गेला. आईंनी ओवाळलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात साडेसहाशेला चारने भागून पाहिलं, किती वेळा सुटले मी ते.

३१ मे

बाबांनी लेख लिहिला — 'माझा एकांतवास'. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. त्यातलं एक वाक्य उतरवून ठेवते: 'अन्न जेव्हा वरून टाकले जाते तेव्हा ते पोटात जाते, पण मनात कुठेतरी अडकून राहते.' त्रेचाळीस जणांनी टाळ्या पाठवल्या. भाऊजींनी तो लेस्टरच्या मराठी मंडळात वाचून दाखवला म्हणे, एक बाई रडली.

मीही अंगठा दिला. वाक्य चांगलंच आहे. त्या वाक्यात मी येते, हे मात्र हेडमास्तरांच्या लक्षात आलेलं नाही.

९ जून

पॅडचं पाकीट लवकर संपलं. गोपालला पुन्हा आणायला सांगितलं, पेपरात गुंडाळून. सध्या घरात सगळंच लवकर संपतं — चहापत्ती, साखर, धीर.

१५ जून, सोमवार

सगळीकडे अनलॉक अनलॉक चाललं आहे. दुकानं उघडली, सुखीबाई यायला लागली. आणि मी मागच्या खोलीत.

सकाळी कळलं तेव्हा आई परसात होत्या. मी किती ठरवलं होतं! मे महिन्यात चाललं, आता का नाही, असं विचारायचं. वाक्य पाठ केलं होतं. पण खोली रिकामी होती, तांब्या घासून पालथा ठेवलेला होता. मी सतरंजी उचलली आणि गेले. आई नुसत्या बघत राहिल्या. थोड्या वेळाने खिडकीतून हात आला, हातात ही वही. "इसरली होती तू," म्हणाल्या.

कणकीच्या डब्यामागे सापडली असणार. उघडली नसावी.

नयन दारातून पाहत होती. दोन महिने राहिले तिला.

पंखा काढून नेला आहे.

४ जुलै, शनिवार

भाऊजींचा फोन. रडवेले झालेले. इंग्लंडात आजपासून हॉटेलं, न्हाव्याची दुकानं, सगळं उघडलं — फक्त त्यांचं लेस्टर बंद! सगळ्यांचं झालं वहिनी, आम्हालाच कोपऱ्यात बसवलं, म्हणाले. मी म्हटलं, होते सवय, भाऊजी. त्यांना ते फारच धीराचं वाटलं.

७ जुलै

लोणचं काढलं. काय जमलं आहे यंदा! बाबा नुसत्या खारात भाकर बुडवून खात होते. गोपालने डबा भरून दुकानात नेला. आई दरवेळी फोड चाखतात, काही ना काही खोड काढतात. आज काढली नाही. दोनदा घेतलं.

१२ जुलै, रविवार

पुन्हा पाकीट संपलं. या वेळी मी बारकाईने पाहिलं. माझ्या हिशेबात हे बसत नव्हतं. नयनला गच्चीवर नेलं.

तिला मे महिन्यातच आली होती. लोणच्याच्या आदल्या रात्री! तेव्हापासून दोनदा. तेवढे दिवस ती सगळीकडे वावरत होती — ओट्यावर, देवघरात, बरणीपाशी. त्याच हातांनी ते लोणचं.

मी हसायलाच लागले. मग विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सकाळी न्हाऊन आली तर मायी चादर बदललेली होती. मले वाटलं तूच बदलली. तू काही बोलली नाही, म्हणून मीबी नाही बोलली."

मी चादर बदलली नव्हती. मी काहीच केलं नव्हतं. पोर दीड महिना समजत राहिली की आईने पाहिलं आणि तोंड फिरवलं. खूप वाईट वाटतं आहे. लिहूनही कमी होत नाही.

ती आजीच्या खोलीत झोपते.

१३ जुलै, सोमवार

आज माझा पहिला दिवस. सतरंजी उचलली नाही, आधी आईंपाशी गेले. त्या लोणच्याची फोड चोखत होत्या. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. म्हणाल्या, हाव. त्या सकाळी मागच्या खोलीत हे शिक्का घेऊन बसलेले होते, पोरीला कुठं बसवणार? मग मुद्दाम तिच्या हातानं लोणचं घालून पाहिलं, नासत नाही.

मी विचारलं, मग जूनमध्ये मला का पाठवलंत?

आईंनी कोय ताटाच्या काठावर ठेवली. "मी कुठं पाठवलं? तू आपल्या मनानं गेली. मले वाटलं, तुले आवडते तिथं."

ओट्यापाशी उभी राहून वहीची मागची पानं उलटली. १५ जूनचं तीनदा वाचलं. त्या मला 'जा' असं कुठंच म्हणालेल्या नाहीत.