संयमाचा आळस झाला, त्याची हकिकत

औडेनार्दे, शुक्रवार

आदरणीय बावोदादांस मामेभाऊ योरिसचा सविनय नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनी बोलू लागल्या की अजून अबोलाच आहे? (दोहोंत आपणांस अधिक सुखावह काय, हे विचारण्याचं धाडस करत नाही.) आम्ही क्षेमकुशल आहोत; माझी नोकरी तेवढी संकटात आहे.

झालं असं, की शेजारच्या गिलिस चित्रकाराला नगरसभेनं आपल्या दालनासाठी मानवी दुर्गुणांची चित्रं सांगितली, आणि शेवटी शोभेपुरता एक सद्गुण, संयम. चेहरे तो गल्लीतूनच उचलतो. खादाडपणासाठी खाटीक आनंदानं बसला. आता गिऱ्हाइकांना ते चित्र दाखवायला घेऊन जातो. क्रोध आपल्यालाच मिळावा म्हणून मासे विकणाऱ्या दोघी झोंबल्या. जी हरली तिचा चेहरा त्यानं घेतला. संयमाच्या हाती घड्याळ दाखवायची रीत, आणि गावाचं घड्याळ पंधरा वर्षं मी राखतो, म्हणून तो मान माझ्याकडे आला. परवा बुधवारी गेलो. मांडीवर घड्याळ, शेजारी ऊबदार शेगडी, आणि "हलू नका, योरिसभाऊ" ही आज्ञा. ती मी इतक्या निष्ठेनं पाळली, की झोप लागली. जागा झालो तेव्हा चित्रातल्या माझ्या डोक्याखाली उशी आली होती आणि गुडघ्यावर गोगलगाय चढत होती.

"गिलिस, हा तर आळस!"

"मग? मघाशी घोरत होता तो काय संयम होता?"

येत्या बुधवारी चित्रं भिंतीवर लागणार. गुरुवारी त्याच भिंतीखाली बसून नगरसभा माझी नेमणूक चालू ठेवायची की नाही, ते ठरवणार. आमची दिग्ना चित्र पाहून म्हणाली, "अगदी हुबेहूब! मी तर पांघरूण घालायला निघाले होते." (पत्नीचा आधार म्हणतात तो हा.)

रंग ओला आहे तोवर गिलिस चेहरा बदलून देईल, पण समोर दुसरं कुणी बसायला हवं. गल्लीभर फिरलो. मत्सराला माणूस मिळाला, लोभाला तर तीन मिळाले होते. आळसाला मात्र कुणी तयार नाही. सगळ्यांना कामं आहेत म्हणे.

वहिनींना नमस्कार सांगावा (बोलत असतील तर).

आपला,
योरिस

ता. क. सोमवारच्या नावेनं अवश्य यावं. इथं आपणांस कुणी ओळखत नाही. प्रवचनात आपली जी समाधी लागते, तिचं वर्णन मी गिलिसला ऐकवलं. तो म्हणाला, "असा माणूस असेल तर उशीसुद्धा नको."

दुसरा ता. क. उतरल्यावर मनोऱ्यावरच्या घड्याळावर विसंबू नये. बुधवारपासून ते बंद आहे. या धावपळीत त्याची वजनं वर ओढायची राहिली. तक्रार मात्र अद्याप एकही नाही. घंटा होत नसल्यामुळे विणकर आपापल्या अंदाजानं घरी जातात, आणि त्यांचा अंदाज फार लवकरचा आहे.