हातमोज्यानं पुसलेले डोळे

पिस्कॅटवे,
१४ ऑक्टोबर २००७

ती. सौ. सुलभाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. डायलिसिसनंतर पाणी मोजूनच पितेस ना? की माझ्यासारखीच लबाडी करतेस?

मी ठीक. रूममेट अदिती लग्नाला पुण्याला गेलीय. घरात मी एकटीच. दिवसभर बोलते ती लॅबमधल्या किड्यांशी. उलट उत्तर देत नाहीत, एवढाच त्यांचा गुण.

ढेकणाचेच थोरले भाऊबंद हे, रक्तावर जगणारे. सगळ्यांना वाटतं, त्यांच्या चावण्यानं रोग होतो. तसं नसतं. पोटभर रक्त प्यायलं की ते तिथेच घाण करतात आणि रोगाचे जंतू त्या घाणीत असतात. माणूस खाजवतो आणि आपल्याच हातानं ती जखमेत नाहीतर डोळ्यांत घालतो. नव्या विद्यार्थ्यांना हे मीच शिकवते. चेहऱ्याला हात लावला की ओरडते.

ताई, गाइडनं सुट्टी दिली नाही म्हणून तिकडे यायचं तिकीट कॅन्सल केलं, हे मी खोटं सांगितलं. तू "बरं, राहू दे" म्हणालीस. मग भाऊजींनी फोन घेतला. "शिवांगी, किडनी द्यायची नसेल तर सरळ सांग. आम्ही वाट बघत बसलोय."

ऑगस्टमध्ये भाऊजींची ईमेल आली होती, आपले रिपोर्ट जुळले म्हणून. ती वाचून मी किड्यांचे डबे साफ करायला गेले आणि तिथेच रडू फुटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगी पडणार होते. हातमोजा न काढताच डोळे पुसले. मी, सगळ्यांना शिकवणारी!

आठवड्यानं पापणी सुजली, ताप आला. रक्तात तेच जंतू सापडले. दोन महिने गोळ्या आहेत, लवकर कळलं म्हणून मी बरी होईन. किडनीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "नाही. तिच्यातून हा आजार बहिणीला होऊ शकतो." मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाहीच म्हणाले.

तुझ्या चांगल्या बातमीनं हे झालं, असं तू मनाला लावून घेशील, म्हणून लपवलं. पण काल आई फोनवर म्हणाली, "सुलभा दुसरीकडे नाव नोंदवत नाही. शिवू येईलच म्हणते."

येणार नाही मी. हे वाचलंस की लगेच किडनीच्या यादीत नाव नोंदव. रागव, बोलू नकोस माझ्याशी, पण एक दिवसही वाया घालवू नकोस.

मला द्यायची होती गं.

शिवांगी