दिवंगत पतीस सोमवार दुपारपर्यंत हयात दाखवण्याबाबत

प्रति,
मा. निबंधकसाहेब,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग,
विभाग कार्यालय, उधना, सुरत.

अर्जदार: श्रीमती पुष्पाबाई लोटू बोरसे, वय ५४, राहणार पांडेसरा, सुरत.

विषय: माझे पती कै. लोटू दगा बोरसे यांना येत्या रविवार संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत हयात नोंदवून मिळण्याबाबत.

संदर्भ: १) त्यांचा मृत्यूचा दाखला, सन २०१९. २) आपल्या खिडकीवरील भाईंशी काल झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

अर्ज मराठीत लिहिला याबद्दल क्षमा असावी. माझी मुलगी धनश्री गुजरातीत लिहून द्यायला तयार होती, पण राग आला की मला मराठीच सुचते. तिने केलेले गुजराती भाषांतर सोबत जोडले आहे. त्यात तिने कडक शब्द मऊ केले आहेत, तरी निर्णय देताना मूळ अर्जच विचारात घ्यावा.

१. आम्ही मूळचे शिरपूर तालुक्यातले. सासूबाई मिलच्या चाळीत राहायला आल्या तेव्हा सोबत दोन पातेली, एक गोधडी आणि आमची कानबाई घेऊन आल्या. आपण इकडचे, म्हणून खुलासा करते. श्रावणातल्या रविवारी नारळाला नाक, डोळे, नथ लावून देवी पाटावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी घरातली बाई तो पाट डोक्यावर घेऊन देवीला पाण्यावर पोचवते. सासूबाईंची मान दुखायला लागली तेव्हा त्यांनी पाट माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, आते तूच लई जाय." तेव्हापासून मीच नेत होते. पुढे गल्ली वाढली, मंडळ झाले, देवी आमच्या खोलीतून मांडवात गेली. पाट मात्र माझ्याकडेच राहिला. २०१९ साली पती वारले आणि मंडळाने पाट काढून घेतला. देवी सवाष्णीनेच उचलायची, अशी परंपरा असल्याचे त्याच वर्षी माझ्या कानावर आले.

२. आमच्या मंडळाचे पूर्ण नाव 'खान्देश समाजसुधारणा व कानबाई उत्सव मंडळ' असे आहे. त्यात सुधारणा समिती व उत्सव समिती अशा दोन समित्या आहेत. दोहोंचे अध्यक्ष श्री. गजेंद्रभाऊ आणि सभासदही तेच. सुधारणा समितीने गेल्या महिला दिनी ठराव केला की समाजात यापुढे कोणत्याही बाईला विधवा म्हणायचे नाही, 'तेजस्विनी' म्हणायचे. मला स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ दिले. माझा हसरा फोटो असलेला मोठा बॅनर नाक्यावर लागला. त्या दिवशी मला खरोखर बरे वाटले, हे मी लपवत नाही.

३. म्हणून मी या आषाढात पाट परत मागितला. गजेंद्रभाऊ म्हणाले, "ताई, सुधारणा समितीचा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे, पण विषय उत्सव समितीचा आहे." मी म्हटले, मग उत्सव समितीला सांगा. त्यांनी रीतसर पत्र लिहिले. सुधारणा समितीच्या अध्यक्षांचे ते पत्र उत्सव समितीच्या अध्यक्षांना मिळाले असून ते त्यावर विचार करत आहेत. दरम्यान माझा बॅनर मांडवावर पाऊस गळू नये म्हणून आडवा बांधला आहे. म्हणजे माझा फोटो देवीच्या डोक्यावर चालतो, देवी माझ्या डोक्यावर चालत नाही.

४. मंडळ माझ्यावर अन्याय करते असे कोणी म्हणू नये. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला, दळायला, पुरणाला मी चालते. भांडी घासायला तर मंडळ माझी वाट पाहते. अडचण फक्त मिरवणुकीच्या त्या अर्ध्या तासात येते.

५. गेल्या वर्षी पाट आमच्या शेजारच्या ज्योतीबाईंनी नेला. त्यांचे यजमान अकरा वर्षांपूर्वी सिल्वासाला कामासाठी गेले आणि तिकडेच दुसरे घर करून राहिले. ते ज्योतीबाईंना ओळखही दाखवत नाहीत. पण ते हयात आहेत, सबब ज्योतीबाई सवाष्ण. पाट उचलताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मावशी, तुमचा होता तो गेला आणि माझा नव्हताच तो जिवंत आहे. काय करू सांगा." माझे पती रंगखात्यातून घरी आले की आधी हात धुवायचे आणि मग माझ्यासाठी चहा ठेवायचे. त्या दोघांत नवरा कोण हे देवीला कळत असेल. मंडळाला दाखल्याशिवाय कळत नाही.

६. यंदा मंडळाने या वादावर सुधारणावादी तोडगा काढला आहे. कोणत्याच बाईचा अपमान होऊ नये म्हणून देवी टेम्पोतून जाणार, पुढे डीजे. एकदा टेम्पोत बसलेली देवी पुन्हा कोणाच्या डोक्यावर येत नाही, हे मला गणपतीवरून माहीत आहे. टेम्पो गल्लीतला विठ्ठल चालवणार आहे. विठ्ठलची बायको तीन वर्षांपूर्वी वारली. त्याला कोणी काही विचारले नाही, त्याचे फक्त लायसन पाहिले.

७. मी फारच मागे लागले तेव्हा गजेंद्रभाऊंनी चारचौघांत शब्द दिला की मूळ घरातली बाई सवाष्ण असेल तर टेम्पो रद्द करू. सबब मी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरचे भाई सज्जन आहेत. ते म्हणाले, "बेन, आवी एन्ट्री नथी थती. भूल होय तो सुधारी आपुं." नोंदीत चूक असेल तरच दुरुस्ती होते, असे त्यांचे म्हणणे. साहेब, चूक नक्की झालेली आहे. अठ्ठेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, सकाळी डबा घेऊन गेला आणि दुपारी त्याचा डबा तेवढा परत आला. ही चूक आपल्या कार्यालयाची नाही, हे मला समजते. पण ज्याची आहे त्याच्याकडे खिडकी नाही.

८. तरी खालील अटींवर मी पतींना थोडा वेळ हयात मागत आहे. या काळात ते रेशन उचलणार नाहीत, मतदान करणार नाहीत आणि मिलकडे बोनस मागणार नाहीत. सोमवारी दुपारी त्यांना मी स्वतः मृत म्हणून परत जमा करीन. मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत सोबत ठेवली आहे. काही फी असल्यास भरीन.

९. आपल्याला हे करता येणार नाही, हे मलाही कळते. म्हणून खरी विनंती आता करते. या अर्जावर कोणताही निर्णय देऊ नये. आपल्या कार्यालयाने घाई करू नये, अशी विनंती करणारी मी बहुधा पहिलीच. फक्त माझ्या प्रतीवर 'अर्ज मिळाला' असा गोल शिक्का मारून द्यावा. म्हणजे निकाल लागेपर्यंत माझे पती विचाराधीन राहतील. गजेंद्रभाऊ दोन समित्या चालवतात, त्यांना विचाराधीन शब्दाचा अर्थ मी सांगायची गरज नाही.

१०. शिक्का मिळाला तर वाद टळेल, एवढेच. नाही मिळाला तर ज्योतीबाई आणि गल्लीतल्या बाकीच्या जणी सोमवारी पहाटे पाट माझ्या डोक्यावर ठेवायला येणार आहेत, आणि यासाठी त्यांनी कोणत्याच समितीला विचारलेले नाही. आपला नकारच असेल तर कृपया तो मंगळवारी पाठवावा. सोमवारी मी घरी सापडणार नाही.

येथवर जेवढे नम्र राहता आले तेवढी नम्र,

(सही) पुष्पाबाई लोटू बोरसे
पांडेसरा, सुरत.
गुरुवार, दि. ३१ जुलै २०२५

सोबत:
१) मृत्यूचा दाखला, मूळ प्रत.
२) सदर अर्जाचे गुजराती भाषांतर (मऊ).
३) अर्जाची दुसरी प्रत, शिक्क्यासाठी कोपरा मोकळा सोडून.