क्रूस सुलोचनाच्या दारी

५ मार्च, बुधवार
आजपासून उपासाचे चाळीस दिवस. मटण बंद, चहा एकच. पाळकसाहेबानं चर्चात घरोघरच्या प्रार्थनेची यादी वाचली. नवा माणूस, नगरकडचा, मालेगावात येऊन सहा महिने. ज्या घरी प्रार्थना झाली त्या घरच्या बाईनं दुसऱ्या दिवशी लाकडी क्रूस पायी न्यायचा, पुढच्या घरच्या बाईच्या हातात द्यायचा. जुनी रीत. माह्यानंतर नाव आलं सुलोचनाचं, माह्या धाकट्या जावेचं. यादीत आमच्या दोघीच्या मधात दोन घरं सोडतात हे मंडळीतल्या कुत्र्या-मांजराले माहीत. अकरा वर्षं सोडले. या नव्या पाळकाले कोणी सांगतलं नाही. सगळे माह्याकडे पाहून राह्यले. मी पंख्याकडे पाहिलं.

९ मार्च, रविवार
पा.सा.ले म्हटलं, यादी बदला. म्हणे, "आजी, उपास फक्त मटणाचाच धरला का?"
तोंड हाये पोराले. घरी येऊन हळद निवडली. दोनदा तीच निवडली.

१५ मार्च, शनिवार
इंझोरीहून रूथचा फोन. ईस्टरले येतो म्हणे, बाबाच्या चर्चात. मंग हळूच, "आई, मले भाकर भेटंन का?"
काय सांगू? लेकीनं हिंदू पोराशी लग्न केलं तं चर्चाच्या रजिस्टरातून नाव कापलं. नाव नाही तं चर्चात प्रभूच्या मेजावरची भाकर नाही. नाव कापणाऱ्या कमिटीत सुलोचना बसली होती. त्या दिवशी हे मीटिंगहून आले, जेवले नाही. एवढंच म्हणाले, "सुलोचनानं हात वर केला." मंग तिच्याशी बोलणं बंद. हे गेले तेव्हाही मयतीत ती एका बाजूले, मी एका.
आता पाहतो. तिच्या दारी जाईन, पण क्रूस सोडणार नाही. पयले रूथचं नाव, मंग क्रूस.

२० मार्च, गुरुवार
माह्याकडे प्रार्थना झाली. गाणं लांबवलं लोकायनं. चहा सगळ्याले पुरला. सुलोचना आली नाही. क्रूस खाटेवर ठेवला, मी खाली झोपली. पाठ धरली.

२१ मार्च, शुक्रवार
दिवस बुडायच्या आधी निघाली. मागून मंडळी, गाणं म्हणत. एरवी सात-आठ जण, आज अठरा. तमाशा कोणाले नको?
सुलोचना अंगणात हळद शिजवून राह्यली होती. हात पिवळे. म्हातारी झाली. लुगड्याले हात पुसून पुढं केले. मी क्रूस घट्ट धरला. म्हटलं, "पयले सांग, रूथचं नाव परत लिहितं का नाही?"
गाणं थांबलं.
ती म्हणे, "बाई, मी हात वर केला. खोटं नाही बोलत. पण पयला हात दादाचा होता."
दादा म्हणजे माहे हे. रूथचा बाप.
"त्यायनं केला म्हणून मी केला. मले वाटलं, त्यायनं तुमाले सांगतलं असंन. आन् मंग तुमी कधी विचारलंच नाही."
हात कधी सुटला कळलं नाही. क्रूस तिच्याजवळ होता. प्रार्थना काय झाली, ठाऊक नाही. तिनं चहा दिला, पिला. एक झाला होता सकाळी. हा दुसरा.

२३ मार्च, रविवार
उपासना झाल्यावर पा.सा.ले विचारलं, जुनं मीटिंगचं बुक हाये का. त्यायनं कपाटातून काढून माह्या मांडीवर ठेवलं. पयला हात कोणाचा, ते लिहून असंन. मी तिसरी शिकली. दुसऱ्याचं अक्षर अडत-अडत वाचतो, पण रूथच्या बापाची सही ओळखू येते. पा.सा. बाहेर गेले. मी पुठ्ठ्यावर हात ठेवून बसली, बुक उघडलं नाही.
सुलोचना दारात आली. म्हणे, कमिटीत मी आता हात वर करीन, रूथसाठी. दुसरा हात लागते. तुमी बसता का कमिटीत?
तेवढ्यात रूथचा फोन. "आई, बाबा असते तं त्यायनंच मले आत नेलं असतं, नाही?"
म्हटलं, रेंज नाही. चांगली चार दांड्या रेंज होती.
बुक मांडीवरच होतं.