टेबलाखालचा पाय

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, अबुधाबी

सई पुस्तक वाचताना पुन्हा हसली. दार बंद, तरी स्वयंपाकघरात ऐकू आलं. कोण तो आयरिश विनोदवीर, वर्षानुवर्षं स्टेजवर बोलला, मग पन्नाशीत कादंबरी लिहिली आणि झाला लेखक. मी मंडळाच्या गणपतीसाठी दरवर्षी प्रहसन लिहिते. लोक हसतात, पण लक्ष महाप्रसादाच्या रांगेकडे. सई तर मोबाइल बघते. माझी कादंबरी चौथ्या प्रकरणात अडकलेली.

"एवढं काय आहे गं त्यात?" मी दार उघडून विचारलं.

"इट्स अबाउट हिज मदर. आई, शी इज सो यू!"

ती जिमला गेल्यावर वाचलं. कुणाकडे जेवायला गेलेली त्यातली आई तोंडाने मुलाला "घे ना अजून" म्हणते आणि टेबलाखालून त्याचा पाय दाबते. अरे, हे माझं! शेजारच्या लोपीसांकडे जेवताना शेवटच्या कटलेटच्या वेळी सईचा पाय मी असाच दाबला होता. मला हे का नाही सुचलं? हसू आलं, त्याचाही राग आला.

सई आली. "हसलीस ना?"

"अजिबात नाही."

चौथं प्रकरण रद्द. नव्याने सुरुवात केली आहे, थेट कटलेटपासून. तिला वाचायला देईन आणि दार बंद करून स्वयंपाकघरात उभी राहीन.