टाकीतली ओटी

तीर्थस्वरूप सौ. आक्कास, धाकट्या महादेवचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींच्या गुडघ्याला उतार पडला का, लोंढ्यात गारठा किती हाय, ते कळव. इकडं निपाणीकडं सगळी खुशाल हायेत असं लिवणार होतो, पण तुला खोटं लिवायला हात धजत न्हाय. आक्का, मी लई भ्यालोय.

बेळगावच्या एका संस्थेनं आपल्या गावाला पाणी शुद्ध करायचं मशीन आणि मोठी टाकी दिली. अट एकच, गावातला एक माणूस प्रमुख, किल्ली त्याच्याकडं, आणि झाकण इतर कुणी उघडायचं न्हाय. प्रमुख निवडायच्या दिवशी मी तुझ्याकडं आलतो, म्हणून सगळ्यांनी एकमतानं मलाच निवडलं. (हजर असलेल्यांतला एकबी जण प्रमुख व्हायला तयार नव्हता, हे मागनं कळलं.)

उद्घाटनादिवशी मालुबाई बाया घेऊन आली. तुला म्हाईतच हाय, नव्या हिरीची ओटी तिच्या हातनं भरल्याबिगर गावात कुणी घागर बुडवत न्हाय. गंगामाई टाकीत आली म्हणून तिची ओटी चुकवायची व्हय रं, म्हणाली. मी किल्ली लावली. (तिनं माझ्याकडं कसं बघितलं ते तू बघितलं असतंस, तर दोष दिला नसतास.) तांदूळ, हळकुंडं, नारळ, आणि वर शहापूरचं हिरवं लुगडं, घडीसकट टाकीत सोडलं. नवं लुगडं रंग सोडणारच. सकाळी नळाला हिरवट पाणी आलं, तर बायांनी गंगामाई पावली म्हणून हात जोडले.

पाचव्या दिवशी संस्थेच्या दिपाली मॅडमनी बाटलीत पाणी भरून नेलं. परवा कागद आला, पाणी पिण्यास अयोग्य. शुक्रवारी परत तपासणार, तसंच निघालं तर मशीन शेजारच्या गावाला. टाकी धुवायची तर ओटी काढाय पायजे, आणि वाहिलेल्या ओटीला हात कोण लावणार? गड्यांना विचारलं, तर एकाची कंबर धरली, दुसरा पाव्हण्यांकडं गेला. मालुबाईला सांगायला मी दोनदा गेलतो. एकदा चहा पिऊन आलो, एकदा तिची म्हस बघून आलो.

तुझा,
महादेव

ता. क. देवीची ओटी माहेरवाशिणीनं उचलली तर मालुबाईलासुद्धा बोलता येत न्हाय, आणि गावात तुझ्याएवढी थोरली माहेरवाशीण दुसरी न्हाय. बुधवारच्या गाडीनं ये. लुगडं तुलाच. (रंग थोडा गेलाय.)

ता. क. प्यायचं पाणी तुझ्या घरचं आण.

ता. क. मशीन जाईना का, निदान किल्लीतनं सुटीन, असंही मनात आलतं. पण आपल्या सूनबाईला, सुवर्णाला, सातवा महिना लागलाय. मागल्या साली घाण पाण्यानं कावीळ होऊन तिचं पहिलं पोटातच गेलं, तवा तूच हितं होतीस. आता ती रोज विचारती, मामंजी, पाणी चांगलं हाय न्हवं? कागद आल्यावरबी मी व्हयच म्हणालो, आणि तिच्या हातातला तांब्या माझा धक्का लागल्यागत लवंडला. आज तिसऱ्यांदा लवंडलाय. मामंजींना दिसंना झालंय, असं ती शेजारी सांगत होती. लौकर ये.